कासवाचं कृत्रिम घरटं: अंडी उचलण्यापासून खड्डा उघडेपर्यंत

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी मागच्या पायांनी खणते तो खड्डा तोंडाशी अरुंद, पोटात फुगीर आणि साधारण एक हात खोल असतो. हात म्हणजे आपला जुना हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे ४५ सेंटिमीटर. हॅचरी म्हणजे उचलून आणलेली अंडी पुन्हा पुरून राखायची कुंपणातली जागा, आणि तिथलं घरटं ही या खड्ड्याची नक्कल. नक्कल चोख झाली तर आत काय चाललंय याची काळजी दीड-दोन महिने वाळूवर सोडता येते. चोख झाली नाही, तर वरून कितीही कडक पहारा ठेवला तरी उपयोग होत नाही.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना घेऊन हे काम सुरू केलं. त्याआधी किनाऱ्यावरची अंडी सर्रास खाल्ली आणि विकली जात. आता रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अनेक पुळणींवर दर हंगामात हॅचरी उभी राहते आणि गावोगावचे कासवमित्र रात्री-पहाटे गस्त घालतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर नोंदी घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. परवानगीत अंडी हाताळणाऱ्यांची नावं असू द्यात आणि तिची एक प्रत हॅचरीवर ठेवा.

उचलायची की नाही, हे आधी ठरवा

सर्वांत चांगलं घरटं मादीने निवडलेलं. आजही अनेक ठिकाणी दिसलं घरटं की उचल, अशी सवय पडली आहे, आणि ती मोडायला हवी. उचलताना काही अंडी दगावतातच, शिवाय सगळी अंडी एकाच कुंपणात आली की एकाच उधाणाने सगळी जाऊ शकतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, ते दिवस हंगामाच्या शेवटच्या पिल्लांचेच होते.

घरटं उधाणाच्या भरतीरेषेखाली असेल, खाडीच्या मुखाजवळ पुळण कापली जात असेल, किंवा कोल्हे, कुत्रे, रानडुकरं आणि माणसं यांच्यापासून तिथे राखण होणारच नसेल, तर उचला. भरतीरेषा ठरवताना आजची ओली वाळू पाहू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाने टाकलेला काडीकचऱ्याचा पट्टा शोधा. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत किनारा फसवतो, पाणी खालीच राहतं आणि घरटं सुरक्षित वाटतं.

जागा सुरक्षित असेल तर तिथेच जाळी बसवा. १ मीटर × १ मीटरची लोखंडी वेल्ड जाळी घरट्यावर मध्य साधून १० सेंटिमीटर वाळूखाली आडवी टाका आणि चारही कोपऱ्यांना दीड-दोन फुटी खुंटे ठोका. जाळीची भोकं ५ × १० सेंटिमीटर असावीत. त्यातून पिल्लू वर येतं, कोल्ह्याचं तोंड आत जात नाही. यापेक्षा बारीक जाळी घातली तर ४२व्या दिवशी ती काढायला विसरू नका. विसरल्यामुळे जाळीखाली मेलेली पिल्लं सापडणं, यासारखं वाईट दुसरं काही नाही.

हॅचरीची जागा

उधाणरेषेच्या वर, पण सुरूच्या बनापासून दूर. सुरूची मुळं वाळूत लांबवर पसरतात, आणि मर्यादवेलीची बारीक मुळं तर ओलाव्याच्या मागे थेट अंड्यांपर्यंत पोचतात. एक मीटर खणून पाहा. मुळं, दगड, जुन्या शिंपल्यांचा कडक थर किंवा तळाला पाणी लागलं तर जागा बदला. रस्त्याचे, हॉटेलांचे दिवे दिसत असतील तरीही बदला.

गेल्या वर्षीच्या जागी पुन्हा हॅचरी लावायची नाही. खाली राहिलेली टरफलं आणि कुजकी अंडी बुरशीला, मुंग्यांना आणि माश्यांच्या अळ्यांना वर्षभर पोसतात. दुसरी जागाच नसेल तर निदान दोन फुटांपर्यंतची वाळू काढून भरतीच्या पट्ट्यातली स्वच्छ वाळू भरा आणि हे काम ऑक्टोबरमध्येच उरका, म्हणजे ती बसायला वेळ मिळतो.

दोन घरट्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत १ मीटर अंतर हवं. ८ च्या ५ ओळी म्हणजे ४० घरटी, त्यांना चहूबाजूंनी १ मीटर मोकळं सोडून ९ × ६ मीटरचं कुंपण लागतं. दर दोन मीटरला बांबू, त्यावर जाळी, आणि जाळी वाळूखाली ५० सेंटिमीटर पुरलेली. कुत्रा कुंपण ओलांडण्याआधी खालून उकरून पाहतो. खालच्या भागाला आतून एक सेंटिमीटरपेक्षा बारीक जाळी लावा, ती खेकड्यांसाठी. तरीही आत खेकड्याचं बीळ दिसलंच तर त्याच दिवशी खेकडा काढा. उद्यावर टाकलं तर तो घरट्यात पोचलेला असतो.

गस्त आणि माग

कोकणात मादी मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, रात्री, बहुधा भरतीच्या सुमारास वर येते. म्हणून गस्तीचं वेळापत्रक घड्याळापेक्षा भरतीवर बेता. भरतीआधी एक तास ते भरतीनंतर दोन तास ही एक फेरी, आणि उजाडायच्या आत दुसरी.

रिडलेचा माग पाऊण मीटरच्या आसपास रुंद आणि आळीपाळीचा असतो, डाव्या-उजव्या वल्ह्यांचे, म्हणजे वल्ह्यासारख्या चपट्या पायांचे ठसे पुढेमागे पडतात. हिरव्या कासवाचा माग मोठा आणि दोन्ही बाजूंना सारखा उमटतो. तसा दिसला तर काहीही हलवायच्या आधी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या आणि वनविभागाला कळवा. मादी अजून वर असेल तर मागून, वाकून, लाल दिव्याने पाहा, आणि तेही अंडी पडायला लागल्यावरच. पुढच्या वल्ह्यांवर धातूची पट्टी आहे का ते तपासा, क्रमांक दोनदा वाचून लिहा. ओडिशात २०२१ साली पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. हे कळलं कारण कुणीतरी तो क्रमांक नीट वाचला.

अंडी घालून झाल्यावर मादी अंगाने वाळू थोपटते आणि आजूबाजूला उडवते, त्यामुळे खड्डा थोपटलेल्या भागाच्या नेमक्या मध्यावर नसतो. अणकुचीदार सळई खुपसत फिरू नका, पहिलं फुटलेलं अंडं बाकीच्यांना बुरशी देतं. बोथट टोकाची काठी हलक्या हाताने दाबत जा. जिथे हात अचानक सैल पडतो तिथे थांबा आणि पुढचं हाताने उकरा. तुळतुळीत, पिंगपाँगच्या चेंडूएवढं पहिलं अंडं लागलं की बोटांचा वेग निम्मा करा.

सहा तासांचा हिशेब

मादीच्या पोटात असेपर्यंत गर्भाची वाढ थांबलेली असते. अंडं बाहेर पडलं, त्याला हवा मिळाली, की वाढ पुन्हा सुरू होते आणि काही तासांत गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूने चिकटतो. अंड्याच्या माथ्यावर खडूसारखा पांढरा ठिपका दिसू लागतो, तो याचाच. यानंतर अंडं उलटलं किंवा हिसकलं की नाजूक पडदे फाटतात. अंडं बाहेरून धडधाकट दिसतं आणि आत मरतं.

म्हणून नियम असा: अंडी घातल्यापासून दोन-तीन तासांत हलवलेली उत्तम, सहा तास ही शेवटची मर्यादा, आणि त्यानंतर साधारण पहिले २५ दिवस हात न लावलेला बरा. पहाटे सापडलेल्या घरट्याची वेळ माहीत नसते. मग रात्रीच्या भरतीची वेळ पाहा, माग भरतीरेषेपासून कुठून सुरू झालाय ते पाहा आणि अंदाज बांधा. मर्यादा उलटली असेल आणि जागा सुरक्षित असेल तर जाळी टाकून तिथेच ठेवा. मर्यादा उलटली आहे आणि पुढच्या उधाणात घरटं नक्की जाणार आहे, असा पेच असेल, तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने टिंब करा, टिंब वरच ठेवून उचला आणि टिंब वरच ठेवून मांडा. वेळ लागतो, पण लागू द्या.

हात धुतलेले, त्यांना डासांचं मलम, तेल, अत्तर काही नको. स्वच्छ बादलीच्या तळाशी घरट्यातलीच चार बोटं ओली वाळू पसरा. अंडी एकेक करून, न फिरवता ठेवा आणि दहा झाली की एक शिंपला बाजूला काढा. शेवटी शिंपले मोजायचे, वरची सुटी अंडी मिळवायची. डोक्यात मोजणारा मध्ये कुणी बोललं की चुकतो. साधारण १०० ते १२० अंडी निघतात. फुटलेली अंडी मोजा, पण नेऊ नका, दूर खोल पुरा. सगळी अंडी निघाल्यावर टेप लावून खड्ड्याची खोली आणि पोटाची रुंदी लिहून घ्या, कारण हेच माप पुढे लागणार आहे.

वर ओली वाळू किंवा ओलं सुती फडकं. बादली हातात धरून चालत न्या. दुचाकीवर पायांत बादली ठेवून पुळणीवरून जाण्यात दहा मिनिटं वाचतात आणि धक्क्यांनी अंडी जातात. दोन घरट्यांची अंडी एका बादलीत एकत्र करायची नाहीत, कधीच.

खड्डा

आधी हात-दीड हात घेराच्या जागेवरची कोरडी वाळू बाजूला सारा. ती खड्ड्यात घसरली तर अंड्यांमधल्या पोकळ्या बुजतात आणि हवा खेळत नाही. ओली वाळू लागली की हाताने किंवा शिंपल्याने खणायला घ्या. गळा २० सेंटिमीटर रुंद, अर्ध्या खोलीपर्यंत सरळ. मग मनगट वळवून चहूबाजूंनी पोट काढा, सुमारे ३० सेंटिमीटर रुंद. एकूण खोली मूळ घरट्याच्या मापाइतकी, ते मिळालं नसेल तर एक हात. निघालेली ओली वाळू वेगळ्या ढिगात ठेवा.

फावड्याने उभ्या भिंतींचा, बादलीसारखा खड्डा काढणं ही नेहमीची चूक आहे. त्यात अंडी थरांत पसरतात आणि गोळा बनत नाही. पिल्लं एकेकटी वर येत नाहीत, सगळी मिळून वळवळतात, छताची वाळू खाली पडते, ती त्यांच्याच पायांखाली भरत जाते आणि सगळा घोळका जिन्यासारखा वर चढतो. पसरट खड्ड्यात कडेची पिल्लं या घोळक्यापासून तुटतात आणि तिथेच अडकून राहतात. याच कारणाने एका मादीची अंडी दोन खड्ड्यांत वाटू नका.

वाळू इतकी कोरडी असेल की पोट ढासळतं, तर आदल्या संध्याकाळी त्या जागेवर झारीने गोडं पाणी शिंपडून ठेवा. खारं पाणी नको.

अंडी मांडताना पुन्हा मोजा. भरताना आधी ओली वाळू, शेवटी वर पाच-सात सेंटिमीटर कोरडी. तळहाताने हलकं थोपटा, पायाने दाबू नका. भोवती ६० सेंटिमीटर व्यासाचं बारीक जाळीचं कडं २० सेंटिमीटर खोल रोवा आणि पाटी लावा: घरटं क्रमांक, अंडी घातल्याची तारीख, संख्या, मूळ जागा. वहीत याखेरीज सापडल्याची वेळ, पुरल्याची वेळ, मूळ घरट्याचं भरतीरेषेपासूनचं अंतर, दोन्ही खड्ड्यांची खोली आणि हाताळणाऱ्याचं नाव. नाव दोष देण्यासाठी लिहीत नाहीत. एकाच माणसाची घरटी सारखी कमी फुटत असतील तर त्याची पद्धत कुठे चुकते ते शोधता येतं.

ऊन आणि थर्मामीटर

पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, आणि तेही उबवणीच्या मधल्या एक तृतीयांश काळात. सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात आणि थंड वाळूत नर. ३४-३५ अंशांवर बराच काळ राहिलं तर गर्भच मरतो. डिसेंबरातल्या अंड्यांना फुटायला ५५-६० दिवस लागतात, मार्चमधली ४५-५० दिवसांत फुटतात. एवढ्या एका फरकावरूनही वाळूचा अंदाज येतो. रत्नागिरीजवळच्या काळ्या वाळूच्या पट्ट्यांत इल्मेनाइट आहे, ती वाळू पांढऱ्या वाळूपेक्षा जास्त तापते. तिथे दुसऱ्या गावाचे आकडे वापरू नका.

संशोधनासाठी नोंदणी यंत्र, म्हणजे डेटा लॉगर, पुरणार असाल तर आधी सगळी यंत्रं एका बादलीत पाण्यात रात्रभर ठेवा. सगळ्यांनी सारखं तापमान दाखवायला हवं. कुठलं किती फरक दाखवतं ते लिहून तेवढं नंतर वजा करा. ३० अंशांच्या आसपास अर्धा अंश चुकला तरी निष्कर्ष उलटा होतो. यंत्र अंड्यांच्या बरोबर मध्यावर ठेवा, निम्मी अंडी मांडून झाल्यावर, तासाला एक नोंद, नायलॉन दोरीचं टोक वर पाटीला बांधलेलं.

याबरोबर एक रिकामं घरटं हवं. तेवढाच खोल, त्याच आकाराचा खड्डा, एक मीटरवर, आत यंत्र आणि फक्त वाळू. वाढत्या गर्भांची स्वतःची ऊब शेवटच्या टप्प्यात अंड्यांचं तापमान एक-दोन अंशांनी किंवा जास्तही चढवते. रिकाम्या घरट्याशी तुलना केल्याशिवाय वाळू किती तापली आणि अंड्यांनी किती तापवलं, हे वेगळं करता येत नाही. फारच थोड्या हॅचरींत ही सोय असते, खर्च मात्र एका यंत्राचाच असतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट वाळूपासून दीड-दोन मीटर उंच बांधा, खाली वारा खेळला पाहिजे. तरीही पारा चढत राहिला तर संध्याकाळी गोड्या पाण्याचा हलका फवारा. सगळ्या हॅचरीवर हंगामाच्या पहिल्या दिवसापासून दाट सावली करू नका, त्याने थंडीतली घरटी आणखी थंड होतात आणि नर-मादीचं प्रमाण आपण आपल्या हाताने बदलतो. पिल्लाकडे बघून नर-मादी ओळखता येत नाही, तेव्हा ‘यंदा इतक्या माद्या सोडल्या’ असं कुणालाही सांगू नका. मधल्या काळाचं सरासरी तापमान सांगा, तेवढंच आपल्याकडे असतं.

टोपलीपासून लाटेपर्यंत

४२व्या दिवसापासून प्रत्येक घरट्यावर बांबूची टोपली पालथी घाला, कड पाच सेंटिमीटर वाळूत. घरट्यावरची वाळू बशीसारखी खचली की दोन-तीन दिवसांत पिल्लं येणार असं समजा.

टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची पद्धत रूढ आहे. ती पुरत नाही. पिल्लं बहुतेक रात्री वर येतात आणि पोटातल्या पिवळ्या बलकाच्या शिदोरीवर त्यांना पहिला दिवस-रात्र न थांबता पोहून किनाऱ्यापासून दूर जायचं असतं. टोपलीत वळवळण्यात गेलेला प्रत्येक तास त्या शिदोरीतून जातो. खचलेल्या घरट्यांवर रात्री दर दोन तासांनी फेरी हवी. वेळासला २००६ पासून कासव महोत्सव होतो, त्याने गावात घरोघरी पाहुणे येतात आणि कासव जगलं तर गाव चालतं हे लोकांना पटलं, हे मोठंच काम आहे. पण रात्री एकला निघालेली पिल्लं सकाळी सातच्या पाहुण्यांसाठी अडवून ठेवू नयेत. पहाटे निघालेली दाखवा, संध्याकाळी निघालेली दाखवा. मिळाली नाहीत तर पाहुण्यांना किनारा दाखवा.

पिल्लं पाण्याच्या बादलीत कधीही ठेवू नका, ती तिथेच पोहत दमतात. ओलसर वाळूच्या कोरड्या टोपलीत न्या, लाटेपासून निदान १० मीटर वर सोडा आणि त्यांना चालू द्या. हे चालणं काढून घ्यायचं नाही. त्यात पकडलेली दिशाच ती पुढे समुद्रात वापरतात. प्रेक्षक दोरीमागे, पिल्लं आणि समुद्र यांच्यामध्ये कुणी नाही, मोबाइलचा फ्लॅश बंद. दर वेळी सोडायची जागा शंभर-दोनशे मीटरने बदला, नाहीतर कावळे, घारी आणि पाण्यातले मासे तीच जागा शिकतात.

खड्डा उघडणं

पहिली पिल्लं आल्यानंतर तिसऱ्या दिवशी हातमोजे घालून खड्डा पूर्ण उकरा. वास येतो, कंटाळा येतो, आणि म्हणून हेच काम सर्वांत जास्त टाळलं जातं. सोडलेल्या पिल्लांचा आकडा बातमीत छापून येतो. आपलं काम कसं झालं ते मात्र खड्ड्यात उरलेल्या गोष्टी सांगतात.

सगळं एका ताडपत्रीवर रांगेत मांडा. अर्ध्याहून मोठं टरफल म्हणजे एक फुटलेलं अंडं, बारीक तुकडे मोजायचे नाहीत. मग आत राहिलेली जिवंत पिल्लं, मेलेली पिल्लं, आणि न फुटलेली अंडी उघडून त्यांची अवस्था.

उदाहरण घ्या. ११२ अंडी पुरली. टरफलं ८८, खड्ड्यात जिवंत पिल्लं ३, मेलेली २. न फुटलेली २४: त्यात गर्भ न दिसलेली १०, लहान गर्भ ६, पूर्ण वाढलेला गर्भ ५, कवचाला भोक पाडून मेलेली ३. फुटण्याचं प्रमाण ८८ भागिले ११२, म्हणजे ७८.६ टक्के. स्वतःहून वर आलेली ८८ वजा खड्ड्यात सापडलेली ५ पिल्लं, म्हणजे ८३, हे प्रमाण ७४.१ टक्के. दोन्ही आकडे वेगळे लिहा. जिवंत सापडलेली तीन पिल्लं संध्याकाळी सोडा, पण त्यांना वर आलेल्यांत मिळवू नका.

आता वाचन. लहान गर्भ मेलेले जास्त असतील तर अंडी उशिरा किंवा हिसके देत हलवली गेली. हाताळणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत पाहा. पूर्ण वाढलेले गर्भ मेलेले असतील तर शेवटच्या टप्प्यातली उष्णता, किंवा अवकाळी पावसाने तुंबलेलं पाणी. फक्त तळातली अंडी गेली आणि तिथली वाळू चिकट असेल तर खड्डा पाण्याच्या पातळीला भिडला होता. मेलेली पिल्लं गळ्यात अडकलेली असतील तर वरची वाळू दाबली गेली होती, बहुधा कुणीतरी घरट्यावरून चाललं. गर्भ न दिसलेल्या अंड्यांना सरसकट ‘वांझ’ म्हणू नका. अगदी सुरुवातीला मेलेला गर्भ साध्या डोळ्यांना दिसत नाही, आणि वांझ म्हटलं की चूक मादीच्या माथी जाते.

हे वाचन एका घरट्यावरून करू नका. निदान दहा घरटी एकत्र मांडा, आणि जाळी टाकून जागेवर ठेवलेली घरटीही त्याच रीतीने उघडा. हॅचरीतलं प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी येत असेल तर पुढच्या हंगामात कमी घरटी उचलायची आणि जास्त जाळ्या विकत घ्यायच्या.

टरफलं आणि कुजकी अंडी हॅचरीबाहेर, उधाणरेषेच्या वर, दोन फूट खोल पुरा. खड्ड्यातली ओली वाळू काढून टाका, नवी भरा, पाटी उपटा. लॉगरमधला डेटा त्याच दिवशी उतरवून घ्या. मेअखेरीस शेवटचा खड्डा उघडला की जाळ्या आणि खुंटे मोजून गोदामात ठेवा, कुंपणाच्या चारही कोपऱ्यांची जीपीएस जागा वहीत लिहा. पावसाळ्यात पुळण हलते, ऑक्टोबरात डोळ्यांना जुनी जागा सापडत नाही, आणि नवी हॅचरी तिच्यावरच उभी राहते.